शिसं अंगात असताना फिटची गोळी: लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी काय मोजायचं?

प्रश्न: माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत. ट्रॅक्टर, ट्रक आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान गेली १६ वर्षं आहे. जुनी बॅटरी उघडणं, प्लेटा बदलणं, शिसं वितळवून जोड देणं सगळं स्वतः करतात. दुकान घराच्या खालीच. त्यांना फिटचा जुना त्रास आहे. फिनायटोइनच्या १०० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या रात्री, अशा ९ वर्षं चालू आहेत आणि ५ वर्षांत एकही फिट आलेली नाही. दोन महिन्यांपासून पोटात कळा येतात, शौचाला साफ होत नाही, थकवा आहे. हिमोग्लोबिन ९.८. रक्तातलं शिसं तपासलं ते ५२ आलं. एसजीपीटी ३४, म्हणजे नॉर्मल. पंधरा दिवसांपासून चालताना झोक जातो. ओळखीच्या एकांनी लिव्हर साफ करणारा काढा आणि मेंदूसाठी एक सिरप दिलंय. दुसरे म्हणतात, सलाईनमधून विष उतरवून घ्या. शिशाने लिव्हरची गोळ्या पचवायची ताकद जाते का? फिटची गोळी कमी करावी की वाढवावी? घरात चार वर्षांची मुलगी आहे. (सांगली जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर:

ताई, आधी आजचं काम सांगतो. मिस्टरांचा झोक जातोय हे फिटच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि आज रात्रीचा डोस त्यांनाच ठरवू द्या. घरी आपल्या मनाने गोळी कमी करू नका, वाढवू नका, बंद तर अजिबात करू नका. ९ वर्षं चाललेलं फिनायटोइन एकदम तोडलं तर लागोपाठ फिट येऊन माणूस मध्ये शुद्धीवरच न येण्याचा धोका असतो. काढा आणि सिरप थांबवा, पण बाटल्या फेकू नका, त्या डॉक्टरांना दाखवायच्या आहेत. झोक जातोय तोवर मोटारसायकल नको, शिडी नको, गॅसच्या बत्तीवर काम नको. उलट्या सुरू झाल्या, डोकं असह्य दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला, गुंगी आली किंवा फिट आली, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे पोचल्यावर दोन गोष्टी पहिल्या वाक्यात सांगा: "रक्तात शिसं ५२ आहे" आणि "फिनायटोइन चालू आहे".

आता तुमचा प्रश्न. शिशाने लिव्हरची औषधं पचवायची ताकद कमी होऊ शकते, हे खरं. कशी, ते समजून घेतलंत तर पुढच्या तपासण्या का सांगतोय ते लक्षात येईल.

आपण घेतलेली बहुतेक औषधं लिव्हरच्या पेशींमध्ये मोडली जातात. हे काम करणाऱ्या एन्झाइमांच्या मोठ्या कुटुंबाला सायटोक्रोम पी ४५० म्हणतात. प्रत्येकाला क्रमांक आहेत: फिनायटोइन मुख्यतः २सी९ मोडतं, थोडं २सी१९. या प्रत्येक एन्झाइमच्या पोटात हीम नावाचा एक रेणू बसवलेला असतो आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच हे हीम. ते नसेल तर एन्झाइमचं प्रथिन तयार होऊनही उपयोग नाही, जसं बत्तीला नोझल नसावं.

शरीर हीम ८ टप्प्यांत बनवतं, आणि शिसं त्यातले मुख्यतः दोन टप्पे अडवतं. दुसऱ्या टप्प्यावरच्या एन्झाइमला, त्याचं नाव अलाड, काम करायला जस्त लागतं. शिसं त्या जस्ताला ढकलून स्वतः तिथे बसतं. शेवटच्या टप्प्यावर तयार साच्यात लोह बसवायचं असतं, तिथेही शिसं आडवं येतं. मग लोहाच्या जागी जस्त बसलेला चुकीचा रेणू लाल पेशींत साठत राहतो. झिंक प्रोटोपॉर्फिरिन नावाची तपासणी हाच रेणू मोजते. मिस्टरांचं हिमोग्लोबिन ९.८ येण्यामागे हे कारण असू शकतं. रक्तपेशी आणि लिव्हर एकाच मालावर चालतात, एकीकडे तुटवडा पडला तर दुसरीकडेही पडायची शक्यता असते.

याचा माणसातला पुरावा जुना आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अल्वारेस आणि काप्पास यांच्या गटाने १९७५ साली शिसेबाधा झालेल्या मुलांना अँटिपायरिन हे औषध देऊन ते शरीरातून किती वेगाने जातं ते मोजलं. ज्या दोन मुलांना शिशाची ठळक लक्षणं होती, त्यांच्यात औषध नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळत होतं. शिसं काढण्याचे उपचार झाल्यावर वेग सुधारला. ज्यांच्या रक्तात शिसं होतं पण लक्षणं नव्हती, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी त्याच गटाने वर्षानुवर्षं शिशाच्या संपर्कात असलेली मोठी माणसं तपासली. त्यांच्या रक्तात हीम बनवण्याची साखळी बिघडलेली स्पष्ट दिसत होती, पण लिव्हरचा औषध मोडण्याचा वेग फारसा बदललेला नव्हता.

यावरून आमचं मत असं: शिशामुळे मिस्टरांची फिनायटोइन मोडायची ताकद थोडी कमी झालेली असू शकते, पूर्ण गेलेली नाही. इतर बहुतेक गोळ्यांबाबत एवढ्याने फरक पडला नसता. फिनायटोइनच्या बाबतीत पडू शकतो, कारण हे औषध वेगळ्या स्वभावाचं आहे.

टोलनाक्याचं उदाहरण घ्या. पाच खिडक्या चालू आहेत आणि गाड्या कमी आहेत, तोवर कितीही आल्या तरी लगेच निघून जातात. पाचही खिडक्या भरल्या की पुढे आलेली प्रत्येक गाडी रांगेत उभी. फिनायटोइनच्या नेहमीच्या डोसमध्येच त्याचं एन्झाइम जवळजवळ भरलेलं असतं. म्हणून ३०० मिलिग्रॅमचे ४०० केले तर रक्तातलं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने वाढत नाही, दुप्पटही होऊ शकतं. आणि खिडक्यांपैकी एखादी बंद पडली, मग ती शिशाने असो की दुसऱ्या औषधाने, तर डोस न बदलताही रांग लांबते. याचसाठी अनुभवी डॉक्टर हे औषध ३० ते ५० मिलिग्रॅमच्या पावलांनीच हलवतात.

फिनायटोइनची रक्तातली योग्य पातळी एका मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असते. २० च्या वर गेलं की डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरतात, ३० च्या आसपास चालताना झोक जातो, ४० च्या पुढे गुंगी येते. प्रत्येकात हा क्रम थोडा पुढेमागे होतो. घरी एक गोष्ट बघता येईल. मिस्टरांना समोर बसवा, मान स्थिर ठेवायला सांगा, एक बोट त्यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरून हळूहळू कानाच्या दिशेला न्या. बोटामागे जाताना बुबुळ ठरावीक लयीत झटके देत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. हे निदान नव्हे, पण फोनवर हे एक वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

तेव्हा गोळी कमी की वाढवायची, याचं उत्तर फिनायटोइनच्या पातळीवरून मिळेल, शिशाच्या आकड्यावरून नाही. तपासणी करताना नमुना रोजचा डोस घ्यायच्या आधी द्यायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत संध्याकाळी. गोळी घेतल्यावर दोन-चार तासांनी दिलेलं रक्त फसवतं. त्याच नमुन्यात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही करून घ्या. फिनायटोइनचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटून फिरतो आणि मेंदूवर काम करतो तो सुटा उरलेला भाग. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा नॉर्मल दिसतो आणि माणूस मात्र झोकांड्या खातो. डॉक्टर यासाठी एक साधा हिशोब वापरतात: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचं, आणि मोजलेल्या पातळीला त्याने भागायचं. पातळी १२ आली आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर १२ भागिले ०.६ म्हणजे खरी पातळी २० धरायची. कागदावर निवांत दिसणारा रिपोर्ट इथे काठावर येऊन बसतो. (किडनी फारच खराब असेल तर हा हिशोब बदलतो.)

आणि एसजीपीटी ३४? तो आकडा खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एसजीपीटी लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडतं. पेशी शाबूत आहेत, पण आतल्या एन्झाइमला हीम पुरत नाही, असं असेल तर एसजीपीटीला त्याचा पत्ताच लागत नाही. लिव्हर फंक्शन टेस्ट या नावामुळे वाटतं की लिव्हरचं सगळं काम मोजलं गेलं. औषध मोडण्याचा वेग त्या पॅनेलमध्ये नसतोच. तो जाणायचा व्यवहारातला मार्ग एकच, त्या त्या औषधाची पातळी किंवा परिणाम मोजणं. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी, दम्याच्या थिओफायलिनसाठी त्याची पातळी, कार्बामाझेपिनसाठी त्याची. ही सगळी कमी-जास्त फरकाने चूक न खपवणारी औषधं आहेत. धातूंच्या संपर्कात काम करणारा कुणीही ती घेत असेल तर हे त्यालाही लागू.

काढा आणि सिरपबद्दल जरा सविस्तर लिहावंच लागेल. आमच्या मते सध्या शिशाइतकाच संशय त्यांच्यावर घ्यायला हवा. मेंदूसाठी दिलेल्या सिरपवर शंखपुष्पी असं लिहिलेलं आहे का बघा. शंखपुष्पीच्या सिरपबरोबर फिनायटोइन घेणाऱ्या रुग्णांना थांबलेल्या फिट पुन्हा येऊ लागल्या, हे मुंबईच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९२ साली नोंदवलं. उंदरांवरच्या प्रयोगात त्यांना आढळलं की हे सिरप बरोबर दिलं की फिनायटोइनची पातळी घसरते. काढ्याचं उलट असू शकतं. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी असतील तर मिरीतलं आणि पिंपळीतलं पायपरिन फिनायटोइन आतड्यातून जास्त शोषून घ्यायला लावतं, पातळी चढते. म्हणजे एक बाटली वर ओढतेय, दुसरी खाली, आणि मध्ये शिसं. एका वहीत तारखा लिहा: काढा कधी सुरू झाला, सिरप कधी, झोक पहिल्यांदा कधी गेला, मधल्या काळात ताप-सर्दी-बुरशी-टीबी अशा कशावर गोळ्या घेतल्या का. टीबीची आयसोनियाझिड आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोल या दोन्ही फिनायटोइनची पातळी चांगलीच वाढवतात. अशी वही घेऊन गेलात तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

काढा किंवा पुडीमध्ये भस्म आहे का, हे तर नक्की विचारा. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. त्रिवंग भस्मात शिसं, कथील आणि जस्त असतं. रससिंदूर पाऱ्याचा, मल्लसिंदुरात सोमल म्हणजे आर्सेनिक. बोस्टनच्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यात १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. नुसत्या वनस्पतींच्या औषधांसाठी आपल्याकडे मर्यादा ठरलेल्या आहेत: शिसं दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. भस्माच्या औषधात मात्र धातू हाच घटक असतो, मर्यादेचा प्रश्न तिथे वेगळा. आधीच ५२ असलेल्या माणसाला यातलं काहीच द्यायचं नाही, कितीही जुन्या ओळखीचे वैद्य असोत. पारा आणि आर्सेनिक एन्झाइमांमधल्या गंधकाच्या टोकांना धरतात. लिव्हर विषारी अवशेष बांधून बाहेर टाकायला ग्लुटाथायोन नावाचा गंधकाचा रेणू वापरतं, तोही ते संपवत आणतात. आर्सेनिक आणि कॅडमियम आणखी एक उद्योग करतात: तयार हीम मोडणारं एन्झाइम वाढवतात. शिसं कारखान्यात माल बनू देत नाही, हे दोघे गोदामातला माल मोडतात.

ग्लुटाथायोनच्याच कारणाने अंगदुखीवर पॅरासिटामॉल घेत असतील तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फिनायटोइन त्याचा विषारी अवशेष जास्त बनवायला लावतं. दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद.

रक्तवाढीच्या गोळ्यांचंही असंच. हिमोग्लोबिन ९.८ बघून कुणीतरी लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी देईल. फॉलिक ॲसिडचा मोठा डोस फिनायटोइनची पातळी खाली आणतो, फिट येऊ शकते. लोह कमी आहे का, ते फेरिटिन या लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीवरून ठरवा. लोह कमी असलेल्या माणसाच्या आतड्यात शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून कमी असेल तर ते जरूर भरून काढायचं, पण फिनायटोइनची पातळी बघत. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीचं पांढरं औषध फिनायटोइनबरोबर घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये किमान २ तासांचं अंतर ठेवा.

आता ५२ या आकड्याकडे. रिपोर्टवर एकक बघा. डेसिलिटरला मायक्रोग्रॅम असेल तर ५२ खरोखर जास्त आहे. काही लॅब लिटरला मायक्रोग्रॅम छापतात, तेव्हा हाच आकडा ५.२ होतो. मिस्टरांच्या पोटातल्या कळा, बद्धकोष्ठता, पंडुरोग बघता पहिलाच अर्थ लागतो, तरी खात्री करा. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसते का, तेही आरशासमोर बघा. पुन्हा तपासणी देताना हात कोपरापर्यंत धुऊन, दुकानातले कपडे बदलून जा, आणि बोट टोचून न देता शिरेतूनच रक्त द्या. कातडीवरची शिशाची धूळ नमुन्यात गेली तर आकडा फुगतो. सूक्ष्म धातूंसाठीची गडद निळ्या झाकणाची नळी वापरताय का, हेही विचारा.

सलाईनमधून विष उतरवण्याला वैद्यकात चिलेशन म्हणतात, आणि ते खरं शास्त्र आहे. पण कुठल्याही 'डिटॉक्स' दवाखान्यात बसून घ्यायची गोष्ट नाही. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए आणि नुसतं डायसोडियम ईडीटीए ही दोन वेगळी औषधं आहेत. दुसरं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात त्याने मृत्यू झालेले आहेत, त्यांत लहान मुलंही होती. एका शब्दाचा फरक आहे, म्हणून बाटलीवरचं नाव पूर्ण वाचा. प्रौढांमध्ये ४५ ते ७० च्या दरम्यान आकडा असेल आणि लक्षणं नसतील तर सहसा चिलेशन करत नाहीत. मिस्टरांना लक्षणं आहेत, फिटचा आजार आहे, म्हणून विषशास्त्राची माहिती असलेल्या डॉक्टरांनी हा निर्णय घ्यायला हवा. तोंडाने घ्यायचं सक्सिमर दिलं तर १९ दिवसांचा कोर्स असतो, पहिले ५ दिवस दिवसातून तीनदा, पुढचे १४ दिवस दोनदा. त्यात एसजीपीटी थोडं वर जाऊ शकतं, म्हणून मधे तपासतात. तुमच्या डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे.

आधी चिलेशनचं औषध देऊन मग लघवीतलं शिसं मोजायला सांगणाऱ्यांपासून दूर राहा. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत शिसं वाढतंच, आणि तो आकडा तुलना करायच्या लायकीचा नसतो. तो दाखवून महिनोन्महिने सलाईन विकली जातात.

आणि सर्वांत मोठी अट: मिस्टर दुकानात बसत असताना चिलेशन करायचं नाही. एकीकडून शिसं काढायचं आणि दुसरीकडून श्वासातून, हातातून आत घ्यायचं, यात आतड्यातून शोषण उलट वाढू शकतं. आधी दुकान सुटायला हवं, मग औषध. नुसतं दुकान सोडलं तरी रक्तातलं शिसं उतरतं, कारण रक्तातलं निम्मं शिसं साधारण महिन्याभरात निघून जातं. पण १६ वर्षांत बहुतांश शिसं हाडांत जाऊन बसलेलं आहे, तिथे ते दशकानुदशकं राहतं आणि हळूहळू रक्तात झिरपत राहतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत आकडा ठळक घसरेल आणि नंतर रेंगाळेल. चिलेशन झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा थोडा वर आला तर घाबरू नका, ते हाडांतून आलेलं असतं.

इथेच फिनायटोइनचा विषय परत येतो आणि तो बहुतेक जण विसरतात. शिसं उतरलं की हीमची साखळी सुधारते, एन्झाइम पुन्हा भरात येतं, म्हणजे टोलनाक्याची बंद खिडकी उघडते. त्याच डोसवर फिनायटोइनची पातळी मग खाली घसरू शकते. झोक गेला म्हणून आज डोस कमी केला आणि दोन महिन्यांनी तो तपासलाच नाही, तर तेव्हा फिट येऊ शकते. पातळी आज, डोस बदलल्यावर २ ते ३ आठवड्यांनी, चिलेशन संपल्यावर, आणि शिसं निम्म्यावर आल्यावर अशी किमान चार वेळा बघायला सांगा.

दुकान सोडायचं म्हणजे पोट कसं भरायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. कायमचं बंद करा असं आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमात ६० ला कामावरून हलवायचं आणि ४० च्या खाली आल्यावर परत घ्यायचं असं होतं. ते आकडे आता फार ढिले मानले जातात. फिटचा आजार असलेल्या माणसाने २० च्या खाली आल्याशिवाय शिशाला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. तोवर नव्या बॅटऱ्या विकणं, चार्जिंग, पाणी भरणं, तपासणी हे करता येईल. बॅटरी उघडणं, प्लेटा घासणं आणि शिसं वितळवणं बंद. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायच्या. २०२२ च्या नियमांनुसार त्या परत गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवरही आहे. दुकानात मदतनीस असेल तर त्याचंही रक्त तपासा. शिसेबाधा हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या यादीतला पहिलाच नोंदवायचा आजार होता, इतकी ही गोष्ट जुनी आणि माहितीतली आहे.

शिसं तोंडात जातं कसं, ते एकदा दुपारी त्यांच्याकडे बघून लक्षात घ्या. प्लेटा हाताळून करडे झालेले तळवे, त्याच तळव्यावर तंबाखू आणि चुना, अंगठ्याने दोन मिनिटं मळायचं, थाप मारायची आणि गालात ठेवायचं. नखातली, रेघांमधली शिशाची धूळ त्या प्रत्येक चिमटीबरोबर आत जाते, आणि उपाशीपोटी शिसं जेवणानंतरपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. तंबाखूत वर कॅडमियम असतं. दुकानातल्या सगळ्या खबरदाऱ्यांत ही एक सवय सुटली तर सर्वांत जास्त फरक पडेल. विडी-सिगारेट असेल तर वितळत्या शिशाजवळ ती पेटवणं त्याहून वाईट.

दुकान साफ करताना केरसुणी वापरू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते पाणी अंगणात ओतू नका. दुकानातले कपडे, चपला दुकानातच उतरवायच्या. ते कपडे मुलीच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, वेगळ्या बादलीत, आधी ओले करून. जेवणाचा डबा वर घरात येऊन, अंघोळ करूनच उघडायचा. जिन्याची पायरी आणि मुलगी जिथे खेळते ती फरशी रोज ओल्या फडक्याने पुसा. घरी पितळी भांडी असतील तर कल्हईच्या कथिलात शिसं मिसळलेलं नाही ना, याची खात्री असलेल्या माणसाकडूनच कल्हई करा. चिंचेचं सार किंवा ताक कल्हई गेलेल्या भांड्यात नकोच.

मुलीचं रक्त या आठवड्यात तपासा, ती ठणठणीत दिसत असली तरी. मुलं फरशीवरचे हात तोंडात घालतात, आणि त्यांच्या आतड्यात शिसं मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त शोषलं जातं. मुलांसाठी आकडा वेगळा वाचायचा: ३.५ च्या वर आला तरी घरातला स्रोत शोधायला लागायचं, ५ च्या वर तर नक्कीच, आणि ४५ ला पोचला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तुम्ही पुन्हा गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर तुमचंही तपासा. मुलीला घेऊन जाताना तिचे हात घरीच साबणाने चोळून धुवा, धुतलेला फ्रॉक घाला आणि दुकानातून न जाता मागच्या दाराने निघा.